विश्लेषण : तांबे, काच की हवा? कार्यालयातील नेटवर्कचा प्रश्न ग्रॅहम बेल यांच्या आयुष्यात कसा उलगडतो?

नवे कार्यालय घेतले की फर्निचर, रंग, दिवे यांचा हिशेब आधी होतो आणि नेटवर्कची आठवण शेवटी येते. मग कंत्राटदार तीन पर्याय पुढे करतो : तांब्याची केबल, ऑप्टिकल फायबर किंवा सरळ वाय-फाय. यातला सगळ्यात चांगला कोणता, हा प्रश्न इथे हमखास विचारला जातो आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. टेलिफोनचे जनक म्हणून आपण शाळेत ज्यांचे नाव पाठ केले, त्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८७५ ते १८८१ या सहा-सात वर्षांत धातूची तार, प्रकाश आणि मोकळी हवा हे तिन्ही मार्ग स्वतः हाताळले होते. त्यांना सर्वाधिक प्रिय असलेला मार्ग त्यांच्या हयातीत चालला नाही. ज्या मार्गाने त्यांना कीर्ती दिली, त्यावर मात्र आजही आपल्या टेबलापर्यंत इंटरनेट येते. असे का झाले, हे समजले तर इमारतीत कोणती केबल कुठे टाकायची याचे उत्तरही बरेचसे मिळते.

बेल मूळचे संशोधक होते की शिक्षक?

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिनबरा येथे झाला. घराण्याचा व्यवसाय आवाजाचा. वडील अलेक्झांडर मेलव्हिल बेल हे उच्चारशास्त्राचे नामवंत शिक्षक होते. बोलताना ओठ, जीभ आणि घसा यांची स्थिती चिन्हांनी दाखवणारी दृश्यवाणी नावाची लिपी त्यांनी तयार केली होती. आई एलायझा यांना मात्र फारच कमी ऐकू येई. इतर लोक त्यांच्या कानातील नळीत मोठ्याने बोलत. लहानगा अलेक्झांडर आईच्या कपाळाजवळ तोंड नेऊन हलक्या, खोल आवाजात बोलत असे. आवाज म्हणजे कंपन आणि ते दुसऱ्या मार्गानेही पोहोचू शकते, ही जाणीव त्यांना घरातच झाली.

१८६७ ते १८७० या काळात बेल यांचे दोन्ही भाऊ क्षयाने गेले. उरलेला एकुलता मुलगा वाचावा म्हणून आईवडिलांनी १८७० मध्ये देश सोडला आणि कॅनडातील ब्रँटफर्ड गावी बिऱ्हाड हलवले. पुढच्याच वर्षी बेल अमेरिकेत बोस्टनला कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवू लागले. दिवसा शिकवण्या आणि रात्री तारांचे प्रयोग असा त्यांचा दिनक्रम होता. त्यांच्या विद्यार्थिनींपैकी एक होती मेबल हबर्ड. पाच वर्षांची असताना लाल ताप येऊन तिची श्रवणशक्ती गेली होती. तिचे वडील गार्डिनर हबर्ड हे धनाढ्य वकील. त्यांनी आणि चामड्याचे व्यापारी थॉमस सँडर्स यांनी बेल यांच्या प्रयोगांना पैसे पुरवले. सँडर्स यांचा मुलगाही बेल यांच्याकडेच शिकत होता.

पैसे देणाऱ्यांना टेलिफोन नको होता, हे इथे लक्षात ठेवायला हवे. त्यांना हवे होते एकाच तारेवरून एकाच वेळी अनेक तारसंदेश पाठवणारे यंत्र. नवी तार टाकणे महाग, त्यामुळे आहे त्या तारेत जास्त माल कोंबायचा, हा व्यवहार तेव्हाही होता. आजच्या नेटवर्क अभियंत्याचा पहिला प्रश्नही हाच असतो.

तारेवरून आवाज नेमका कसा गेला?

तारयंत्रात प्रवाह एकतर चालू असतो किंवा बंद. त्यातून टिंब आणि रेघ पाठवता येते, आवाज नाही. आवाज जसा चढतो-उतरतो तसाच विजेचा प्रवाहही कमी-जास्त झाला, तर बोलणे पाठवता येईल, अशी बेल यांची कल्पना होती. २ जून १८७५ रोजी बोस्टनमधील कार्यशाळेत त्यांचे सहायक थॉमस वॉटसन यांच्याकडील यंत्रातील एक पोलादी पट्टी अडकली. ती सोडवण्यासाठी वॉटसन यांनी ती बोटाने छेडली आणि दुसऱ्या खोलीत बसलेल्या बेल यांना तिचा झंकार ऐकू आला. नुसती टकटक नव्हे, तर स्वराच्या बारकाव्यांसह. कल्पना खरी ठरल्याचे बेल यांनी त्या क्षणी ओळखले.

१४ फेब्रुवारी १८७६ रोजी त्यांच्या वतीने अर्ज दाखल झाला आणि ७ मार्च रोजी १,७४,४६५ क्रमांकाचे पेटंट मिळाले. तीनच दिवसांनी, १० मार्चला, बेल यांनी वॉटसन यांना शेजारच्या खोलीतून तारेवरून बोलावून घेतले आणि ते आले. त्याच वर्षी जूनमध्ये फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ब्राझीलचे सम्राट दुसरे पेद्रू यांनी हे यंत्र कानाला लावले आणि बातमी जगभर गेली. ऑगस्टमध्ये ब्रँटफर्ड ते पॅरिस (हे कॅनडातील गाव) या सुमारे १३ किलोमीटरच्या तारमार्गावरून बोलणे ऐकू आले.

११ जुलै १८७७ रोजी मेबल आणि बेल यांचा विवाह झाला. नव्याने स्थापन झालेल्या बेल टेलिफोन कंपनीतील आपले दहा वगळता सर्व समभाग बेल यांनी पत्नीला भेट दिले. ज्या यंत्राने घर श्रीमंत झाले, ते यंत्र त्या घरच्या मालकिणीला कधीच ऐकता आले नाही.

पेटंटचा वाद काय होता?

बेल यांचा अर्ज ज्या दिवशी दाखल झाला, त्याच दिवशी एलिशा ग्रे या दुसऱ्या संशोधकानेही अशाच यंत्राची पूर्वसूचना पेटंट कार्यालयात दिली होती. १० मार्चच्या प्रयोगात बेल यांनी वापरलेले द्रवाचे प्रेषक ग्रे यांच्या नोंदीतील प्रेषकाशी मिळतेजुळते होते. त्यामुळे निर्माण झालेला संशय आजही इतिहासकारांच्या चर्चेत आहे. इटलीहून अमेरिकेत आलेले अँटोनियो मेउची यांनी १८७१ मध्येच अशी सूचना नोंदवली होती. पुढे ती चालू ठेवणे त्यांना जमले नाही. मेउची यांच्या कामाचा गौरव करणारा ठराव अमेरिकी प्रतिनिधिगृहाने २००२ मध्ये केला.

वेस्टर्न युनियन या बलाढ्य तार कंपनीशी झालेला खटला १८७९ मध्ये समझोत्याने मिटला आणि ती कंपनी टेलिफोनच्या धंद्यातून बाहेर पडली. एकूण सुमारे ६०० खटले चालले. १८८८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही बेल यांचे पेटंट उचलून धरले. निकाल बाजूने लागले, पण न्यायालयाच्या फेऱ्यांनी बेल यांचे मन धंद्यातून उडाले. ते पुन्हा प्रयोगशाळेकडे वळले.

प्रकाशावरून बोलणारा फोटोफोन काय होता?

१८८० मध्ये वॉशिंग्टनमध्ये बेल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स समनर टेंटर यांनी जे यंत्र बनवले, त्याला तारच नव्हती. त्याची रचना साधी होती. बोलण्याच्या नळीच्या टोकाला पातळ आरसा. त्यावर सूर्याची तिरीप पाडायची. बोलताना आरसा थरथरतो, किंचित फुगतो आणि खोलगट होतो. त्याबरोबर परावर्तित झालेल्या किरणाची तीव्रता कमी-जास्त होते. दूरवर एक मोठा खोलगट आरसा हा किरण गोळा करून सेलेनियमवर पाडतो. सेलेनियमवर पडणारा प्रकाश बदलला की त्यातून वाहणारी वीज बदलते आणि कानाला लावलेल्या टेलिफोनमधून आवाज येतो.

टेंटर एका शाळेच्या गच्चीवरून बोलले. सुमारे २१३ मीटरवरील प्रयोगशाळेच्या खिडकीत बेल यांनी ते ऐकले. ऐकू येत असेल तर खिडकीत येऊन टोपी हलवा, असे टेंटर यांनी सांगितले आणि बेल यांनी टोपी हलवली. रेडिओ लहरींचे अस्तित्व हाइनरिश हर्ट्झ यांनी प्रयोगाने सिद्ध करण्याच्या सात-आठ वर्षे आधीची ही गोष्ट. तारेशिवाय पोहोचलेला हा मानवी आवाज होता.

बेल यांचा आनंद इतका, की नुकत्याच जन्मलेल्या दुसऱ्या मुलीचे नाव फोटोफोन ठेवावे असे त्यांच्या मनात आले. मेबल यांनी ते मोडून काढले आणि मुलीचे नाव मॅरियन ठेवले. टेलिफोनपेक्षा हा शोध मोठा आहे, असे बेल आयुष्यभर मानत राहिले.

मग तो चालला का नाही? कारण प्रकाशाला मध्ये काहीही चालत नाही. ढग आला, धुके पडले, पाऊस लागला, पक्षी आडवा गेला की संभाषण तुटे. रात्री सूर्य नाही. एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीपर्यंत सरळ रेष हवी. मार्ग उत्तम होता, पण तो उघडा होता. आजच्या वाय-फायची आणि फायबरची कहाणी या एका वाक्यापासून सुरू होते.

तारांना पीळ का द्यावा लागला?

फोटोफोन हवेत अडखळत असताना तारेचे दुखणे वेगळेच होते. सुरुवातीच्या टेलिफोनला लोखंडाची एकच तार असे आणि परतीचा मार्ग म्हणून जमीन वापरली जाई. शेजारून तारयंत्राची लाइन गेली असेल तर तिची टकटक बोलण्यात मिसळे. पुढे शहरांत विजेच्या ट्राम आल्या तेव्हा ही घरघर असह्य झाली. बाहेरची वीज आपल्या तारेत शिरते, हा तारेचा मूळ दोष.

त्यावरचा उपाय बेल यांनीच दिला. १९ जुलै १८८१ रोजी त्यांना मिळालेल्या पेटंटमध्ये जाण्या-येण्यासाठी दोन तारा घेऊन त्या एकमेकींभोवती पिळायची रचना आहे. वेणी घातल्यासारखी. पीळ दिल्यामुळे बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांना सारखाच भिडतो. ऐकणारे यंत्र दोन तारांमधला फरक तेवढा घेते. सारखा गोंगाट सारख्यातून वजा झाला की उरतो फक्त आवाज. लोखंडाच्या जागी तांबे आले, १८८४ मध्ये बोस्टन-न्यूयॉर्क दरम्यान तांब्याच्या लांब पल्ल्याच्या मार्गावर बोलणे सुरू झाले आणि तांब्याची पिळाची जोडी टेलिफोनची खूण बनली.

आज कार्यालयातील संगणकामागे जी निळी किंवा करडी केबल खोचलेली असते, ती कापून पाहिली तर आत तांब्याच्या चार जोड्या दिसतात. प्रत्येक जोडीला पीळ आणि प्रत्येकीचा पीळ वेगळ्या घट्टपणाचा, म्हणजे एकीचा गोंगाट दुसरीत शिरत नाही. कॅट-५ई, कॅट-६, कॅट-६ए ही नावे मुख्यतः या जोड्या किती उच्च वारंवारतेपर्यंत गोंगाट आवरू शकतात, हे सांगतात. केबलच्या टोकाला जोडणी करताना कारागिराने १३ मिलीमीटरपेक्षा जास्त, म्हणजे अर्ध्या इंचाहून अधिक पीळ उलगडू नये असा दंडक आहे. घाईत दोन-दोन इंच पीळ सोडून केलेली जोडणी वरून ठीक दिसते, पण नेटवर्क रडत राहते.

त्याच जुलैमध्ये आणखी काय घडले?

२ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळीबार झाला. गोळी शरीरात कुठे आहे, हे डॉक्टरांना सापडेना. टेलिफोन लाइनवरचा गोंगाट घालवण्याच्या प्रयोगांतून बेल यांच्या हाती तारांच्या वेटोळ्यांची एक जोडी लागली होती. जवळ धातू आला की ती टेलिफोनमध्ये आवाज करी. ते उपकरण घेऊन ते अध्यक्षांच्या खोलीत गेले. यंत्र प्रयोगशाळेत चालत होते. खोलीत मात्र सर्वत्र आवाज येऊ लागला. अध्यक्षांच्या गादीखाली पोलादी स्प्रिंगा होत्या, हे नंतर लक्षात आले. शिवाय मुख्य डॉक्टरांनी शरीराच्या ज्या बाजूला शोध घेऊ दिला, त्या बाजूला गोळी नव्हतीच. सप्टेंबरमध्ये गारफिल्ड यांचे निधन झाले.

याच ऑगस्टमध्ये बेल दाम्पत्याचा नवजात मुलगा श्वास घेता न आल्याने दगावला. बेल यांनी त्यानंतर छातीभोवती बसवून कृत्रिम श्वास देणारे धातूचे जाकीट तयार केले. यशापेक्षा अपयशातून पुढचे यंत्र उभे करणे, हा त्यांचा स्वभावच होता.

मुंबईत टेलिफोन कधी आला?

बेल यांच्या पेटंटला सहा वर्षे होण्याआधीच. २८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथील टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाल्याची घोषणा झाली. ओरिएंटल टेलिफोन कंपनीने ती उभारली होती. पुढे शतकभर मुंबई-पुण्यातील पेढ्या, गिरण्या, कचेऱ्या यांच्यापर्यंत तांब्याच्याच जोड्या पोहोचल्या. वीज गेली तरी घरातला लँडलाइन चालू राहायचा, हे अनेकांना आठवत असेल. त्या तारेतून आवाजाबरोबर टेलिफोनला लागणारी वीजही एक्स्चेंजमधूनच येत असे. तांब्याचा हा गुण आजही त्याचा हुकमी एक्का आहे.

फोटोफोन फसला, मग फायबर कसे जिंकले?

उघड्या हवेत अडणारा प्रकाश बंदिस्त मार्गातून नेला तर? पाण्याच्या वळत्या धारेतून प्रकाश तिच्यासोबत वळतो, हे एकोणिसाव्या शतकातच दाखवले गेले होते. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ मध्ये लंडनमध्ये हॅरल्ड हॉपकिन्स यांच्यासह काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा पाठवून दाखवली. पण काच अशुद्ध होती; थोड्याच अंतरात प्रकाश विझे. दोष काचेचा नसून तिच्यातील अशुद्धतेचा आहे, असे चार्ल्स काओ यांनी जॉर्ज हॉकहॅम यांच्यासह १९६६ मध्ये मांडले. एक किलोमीटरनंतर एक टक्का प्रकाश उरला तरी दूरसंचाराला पुरेल, हे त्यांचे गणित होते. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तशी काच तयार केली. काओ यांना २००९ मध्ये नोबेल मिळाले.

आजच्या चांगल्या फायबरमध्ये एक किलोमीटरनंतर सुमारे ९५ टक्के प्रकाश शिल्लक राहतो. १९७७ मध्ये शिकागोच्या रस्त्याखालून टाकलेल्या फायबरने दोन टेलिफोन एक्स्चेंज आणि एक मोठी व्यावसायिक इमारत जोडली. हे काम करणारी यंत्रणा बेल यांच्याच नावाची होती. सत्त्याण्णव वर्षांनी त्यांचा किरण पुन्हा बोलू लागला. फरक एवढाच की या वेळी त्याला ढग दिसत नव्हते. केसासारख्या बारीक काचेच्या आत तो सुरक्षित होता.

वाय-फाय हा फोटोफोनचाच भाऊ का?

एका अर्थाने होय. दोघांनाही तार लागत नाही आणि दोघांचाही मार्ग उघडा आहे. रेडिओ लहरी भिंतीतून जातात. प्रकाश जात नाही. हा वाय-फायचा मोठा फायदा. पण काँक्रीट, पोलाद, लिफ्टचा शाफ्ट, धातूचा लेप दिलेली काच यांच्यापुढे त्याही दमतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची : हवा सर्वांची सामायिक आहे. एका अ‍ॅक्सेस पॉइंटला जोडलेले ३० जण एकाच मार्गाने आळीपाळीने बोलतात. शेजारच्या कार्यालयाचे वाय-फाय त्याच पट्ट्यात असेल तर तेही त्या रांगेत येते. खोक्यावर छापलेला वेग एकट्याला क्वचितच मिळतो, तो यामुळे.

आणखी एक गैरसमज. वाय-फाय घेतले की केबलची कटकट संपली, असे वाटते. प्रत्यक्षात छतावरच्या प्रत्येक अ‍ॅक्सेस पॉइंटपर्यंत केबल न्यावीच लागते. वाय-फाय म्हणजे केबलचे शेवटचे काही मीटर तेवढे हवेतले.

मग इमारतीत कोणते कुठे वापरावे?

तिन्ही मार्गांचा विचार वेगापेक्षा आधी अडथळ्यांच्या बाजूने करावा.

तांब्याची केबल : एक्स्चेंज, म्हणजे आजच्या भाषेत मजल्यावरचा स्विच, तिथपासून उपकरणापर्यंत एकूण १०० मीटर ही मर्यादा. कॅट-६ वर १ गिगाबिट सहज मिळतो. १० गिगाबिट हवे असेल तर ती साधारण ५५ मीटरपर्यंतच पुरते. पूर्ण १०० मीटरसाठी कॅट-६ए घ्यावी. सीसीटीव्ही, अ‍ॅक्सेस पॉइंट, टेबलावरचा इंटरनेट फोन यांना त्याच केबलमधून वीजही देता येते. नव्या मानकांनुसार स्विचच्या टोकाला ९० वॉटपर्यंत. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल स्वस्तात मिळते. ती ठिसूळ असते आणि वीज वाहताना जास्त तापते. बिल करण्याआधी केबल शुद्ध तांब्याची असल्याची खात्री लेखी घ्यावी. विजेच्या जाड तारांच्या खेटून ही केबल नेऊ नये. गोंगाट शिरण्याचे दुखणे पिळाने कमी होते, नाहीसे होत नाही.

फायबर : मजल्यांना जोडणारा उभा कणा, सर्व्हर रूम आणि आवारातील दोन इमारतींमधला दुवा, या तीन जागा फायबरच्या. सिंगल-मोड फायबरवर १० गिगाबिट १० किलोमीटरपर्यंत नेता येते; दोन टोकांची उपकरणे बदलली की त्याच काचेवरून पुढे अधिक वेग मिळतो. काच वीज वाहत नाही, म्हणून लिफ्टच्या मोटारी, जनरेटर यांचा तिला त्रास नाही. पावसाळ्यात वीज पडल्यावर एका इमारतीतून दुसरीत गेलेल्या तांब्याच्या केबलमुळे दोन्हीकडचे स्विच जळतात. धातूचे कवच नसलेल्या फायबरने हा धोका टळतो. उणीव अशी, की फायबरमधून उपकरणाला वीज मिळत नाही. जोडणीला खास यंत्र आणि कुशल हात लागतो, तीव्र वळण चालत नाही. उंदरांचा सुळसुळाट असेल तर ती मजबूत पाइपमधून न्यावी.

वाय-फाय : फिरणाऱ्या माणसांसाठी आणि फिरत्या उपकरणांसाठी. मोबाइल, लॅपटॉप, बैठकीची खोली, पाहुणे. एका जागी बसलेले संगणक, प्रिंटर, कॅमेरे यांना केबल दिली तर हवा मोकळी राहते आणि वाय-फायही सुधारते. अ‍ॅक्सेस पॉइंट कुठे बसवायचे, हे नकाशावर अंदाजाने ठरवू नये. भिंती उभ्या राहिल्यावर मोजणी करून ठरवावे.

सात मजली इमारतीचा विचार केला तर तळमजल्यावरून प्रत्येक मजल्यापर्यंत फायबर, मजल्यावरच्या स्विचपासून टेबलापर्यंत आणि छतापर्यंत तांबे, आणि तिथून हातातल्या मोबाइलपर्यंत हवा, अशी विभागणी बहुतेक ठिकाणी योग्य ठरते. पैसे वाचवायचेच असतील तर स्विच आणि अ‍ॅक्सेस पॉइंटमध्ये वाचवावेत. ते काही वर्षांनी बदलायचेच असतात. भिंतीत आणि फॉल्स सीलिंगवर गेलेली केबल मात्र बदलायला पुन्हा तोडफोड करावी लागते. म्हणून तिथे चांगला माल घ्यावा आणि रिकामे पाइप ठेवावेत.

बेल यांच्यावर कर्णबधिरांचा राग का आहे?

कोणता मार्ग कुठे अडतो हे इतके बारकाईने जाणणाऱ्या बेल यांनी आपल्या आयुष्यभराच्या कामात मात्र एकाच मार्गाचा आग्रह धरला. कर्णबधिर मुलांनी ओठ वाचावेत आणि बोलायला शिकावे, खुणांची भाषा शाळेत नको, असे त्यांचे मत होते. ते स्वतः आईशी बोटांच्या लिपीत बोलत असत, तरीही. १८८० मध्ये मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने बोलण्याच्या पद्धतीच्या बाजूने ठराव केला आणि अनेक देशांतील शाळांतून खुणांची भाषा हद्दपार झाली. बेल यांच्या प्रतिष्ठेचे वजन त्याच पारड्यात पडले. कर्णबधिरांनी आपसात लग्ने केल्याने बहिरेपण वाढेल, अशी मांडणीही त्यांनी १८८३ मध्ये केली. तिने मोठा समाज दुखावला आणि तो सल आजही आहे.

दुसऱ्या बाजूने, सहा वर्षांच्या हेलन केलरला घेऊन तिचे वडील बेल यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनीच त्यांना बोस्टनच्या पर्किन्स संस्थेचा रस्ता दाखवला आणि त्यातून १८८७ मध्ये अ‍ॅन सलिव्हन ही शिक्षिका तिला मिळाली. केलर यांनी आपले आत्मचरित्र बेल यांना अर्पण केले. या माणसाचे दोन्ही चेहरे खरे आहेत. पोहोचायचे असेल तर ज्याला जो मार्ग सोयीचा, तो मोकळा ठेवावा लागतो, हे तारांबाबत त्यांना समजले होते. मुलांबाबत तितकेसे नाही.

अखेरची वर्षे कशी गेली?

कॅनडातील नोव्हा स्कोशियात बॅडेक गावाजवळ बेल यांनी घर आणि प्रयोगशाळा बांधली. तिथे पतंग, विमाने, पाण्यावरून उडाल्यासारखी धावणारी होडी असे प्रयोग चालत. १९०९ मध्ये त्यांच्या गटाच्या सिल्व्हर डार्ट विमानाने तिथल्या गोठलेल्या तळ्यावरून उड्डाण केले. १९१९ मध्ये त्यांच्या होडीने ताशी ११४ किलोमीटरचा वेग गाठला. कामात व्यत्यय नको म्हणून स्वतःच्या अभ्यासिकेत मात्र त्यांनी टेलिफोन ठेवला नव्हता.

२५ जानेवारी १९१५ रोजी अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांना जोडणारी तांब्याची लाइन सुरू झाली. न्यूयॉर्कमध्ये बेल बसले होते आणि सॅन फ्रान्सिस्कोत वॉटसन. एकोणचाळीस वर्षांपूर्वीचा निरोप बेल यांनी पुन्हा दिला; या वेळी यायला आठवडा लागेल, असे वॉटसन यांनी हसत कळवले. त्याच वर्षी व्हर्जिनियातून रेडिओवरून निघालेला आवाज पॅरिस आणि होनोलुलूत ऐकला गेला. तांबे आपल्या शिखरावर असतानाच हवा तयार होत होती. प्रकाशाला अजून अर्धशतक वाट पाहायची होती.

२ ऑगस्ट १९२२ रोजी बॅडेक येथे बेल यांचे निधन झाले. ते ७५ वर्षांचे होते. दोन दिवसांनी अंत्यविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतील टेलिफोन एक मिनिटासाठी बंद ठेवण्यात आले. पाचच महिन्यांनी, जानेवारी १९२३ मध्ये, मेबलही गेल्या.

फोटोफोनची कल्पना थेट रूपातही परतली आहे. दिव्याच्या प्रकाशातून खोलीत इंटरनेट देणाऱ्या लाय-फाय तंत्राला २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक मिळाले. तिथेही अट तीच : मध्ये आड काही येता कामा नये. नवे कार्यालय उभारताना कोणता पर्याय आधुनिक, हा प्रश्न बाजूला ठेवून आपल्या भिंती, अंतरे, मोटारी, पाऊस आणि माणसांची वर्दळ यांत कोणत्या मार्गाला काय आड येईल, हे आधी पाहावे. बहुतेक वेळा उत्तर तिघांपैकी एक नसते. तिघे आपापल्या जागी, असेच असते.